काढून बसवलं की चालतं: एका बर्ग स्ट्रिपचं प्रकरण

आमच्या बीओएममध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या यादीत, ती ओळ अशी होती: "पिन हेडर, २×१०, २.५४ मिमी, सरळ." म्हणजे दहा-दहा पिनांच्या दोन ओळी, शेजारच्या पिनांमधलं अंतर २.५४ मिमी. खरेदीवाल्यांनी या ओळीत तंतोतंत बसणारा माल आणला, जोडणीवाल्यांनी तो बरोबर लावला, तपासणीत सगळे बोर्ड पास झाले. तरीही पुढचे कित्येक महिने आम्ही त्याच वीस पिनांच्या मागे धावत होतो. कुणी काय चुकवलं हे शोधायला गेलो तर बोट शेवटी माझ्याकडेच वळलं, कारण ओळ मी लिहिली होती.

उपकरण साधं होतं. पाण्याच्या पंपाशेजारी बसणारा नियंत्रक, दोन बोर्डांचा. खालच्या बोर्डावर १२ व्होल्टचा पुरवठा, रिले आणि मोडेमसाठी १२ चे ४ व्होल्ट करणारा रेग्युलेटर. वरच्या बोर्डावर मायक्रोकंट्रोलर, डिस्प्ले आणि मोबाइल नेटवर्कवरून मेसेज पाठवणारा जीएसएम मोडेम. दोन्ही बोर्ड एकावर एक, मधे पिन हेडर (उभ्या पिनांची पट्टी) आणि त्या पिना आत घेणारं सॉकेट, म्हणजे आपल्या बोलीत मेल आणि फीमेल बर्ग स्ट्रिप. वरच्या बोर्डाला एका कडेला दोन स्पेसर, म्हणजे दोन बोर्डांमधलं अंतर धरणारे खांब, होते. दुसऱ्या कडेला, जिथे हेडर होता, तिथे एकही नाही. "तिकडे हेडरच धरेल की" हे रिव्ह्यूच्या नोंदीतलं वाक्य माझंच आहे. नोंद लेखी असल्याने आता नाकारताही येत नाही.

वीसपैकी चौदा पिना वापरात होत्या: बारा सिग्नलच्या, एक ४ व्होल्टची, एक ग्राउंडची. सहा पिना रिकाम्या. हे लक्षात ठेवा, पुढे याचीच लाज वाटणार आहे.

तक्रारी काय होत्या

नमुन्याचे बोर्ड टेबलावर तीन महिने विनातक्रार चालले. पहिली तुकडी जागेवर गेली आणि काही महिन्यांनी फोन सुरू झाले. उपकरण गप्प बसतं, मेसेज जात नाही, कधी आपोआप रीस्टार्ट होतं. सगळीकडे नाही, आणि रोजही नाही. एवढं मात्र दिसत होतं की मोबाइलचं सिग्नल कमजोर असलेल्या ठिकाणांहून फोन जास्त येत होते.

साहजिकच अँटेनावर संशय गेला. मग फर्मवेअरवर, म्हणजे उपकरणातल्या प्रोग्रॅमवर. फर्मवेअरमध्ये मोडेम पुन्हा चालू करण्याची सोय घातली, त्याने रोग झाकला गेला. मग पुरवठ्यावर संशय आला, म्हणून मोडेमजवळचा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलून १००० चा लावला. तक्रारी थोड्या लांबल्या, थांबल्या नाहीत. आता मागे वळून पाहताना हा "थोडा फरक" म्हणजे सगळ्यात मोठा पुरावा होता, पण तेव्हा आम्हाला तो औषध लागू पडल्याचा भास वाटला.

गाडी रुळावर आणली ती जागेवर जाणाऱ्या तंत्रज्ञाने. तो फोनवर म्हणाला, "सर, मी काही करतच नाही. वरचा बोर्ड काढतो, परत बसवतो. चालू होतं. दीड-दोन महिन्यांनी परत बोलावतात."

काढून बसवलं की चालतं, हे कनेक्टरच्या दुखण्याचं सगळ्यात जुनं लक्षण. पिन सॉकेटमधून सरकताना संपर्काची जागा घासली जाते, वरचा थर निघतो आणि जोड पुन्हा ताजा होतो. त्याचाच दुसरा अर्थ असा की तपासण्यासाठी बोर्ड उघडला की पुरावा पुसला जातो. आमच्याकडे परत आलेले सगळे बोर्ड सुटे करून पाठवलेले होते, त्यामुळे सगळे ठणठणीत निघत होते.

न उघडता मोजमाप

मग एक तक्रारीचा संच न उघडता, डब्यासकट मागवला. खालच्या बोर्डाच्या पाठीवर हेडरची सोल्डर केलेली टोकं दिसतात, वरच्या बोर्डाच्या माथ्यावर सॉकेटची. प्रत्येक जोडाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बारीक तारा डागल्या: एक जोडी करंट सोडायला, दुसरी व्होल्टेज मोजायला. साध्या मल्टिमीटरच्या दोन तारांनी हे मोजण्यात अर्थ नाही, कारण प्रोबच्या तारांचाच रोध जोडापेक्षा जास्त भरतो. करंटही जेमतेम १०० मिलिअँपिअर ठेवला आणि व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या वर जाऊ दिलं नाही. जास्त व्होल्टेज लावलं तर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा मोजतानाच फुटतो आणि आकडा खोटा चांगला येतो.

सिग्नलच्या बहुतेक पिना १५ ते २५ मिलिओहममध्ये होत्या. नव्या जोडाला डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) साधारण २० मिलिओहमची मर्यादा दिलेली असते, म्हणजे यात आरडाओरड करण्यासारखं काही नव्हतं. ४ व्होल्टच्या पिनवर मात्र ६० दिसलं, आणि वरच्या बोर्डाची हेडरकडची कड बोटाने हलकेच दाबली तर आकडा ११० वर गेला, सोडली तर १६० वर. बोट ठेवलं की नाचणारा तो आकडा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. ग्राउंडची पिनही तशीच, १४० पर्यंत जाणारी.

आता हिशेब. जीएसएम मोडेम सलग प्रसारण करत नाही, दर ४.६ मिलिसेकंदांत ०.५८ मिलिसेकंदांचा एक फटका मारतो. टॉवर लांब असला की मोडेम जास्त ताकदीने बोलतो आणि त्या क्षणी जवळपास २ अँपिअर ओढतो. १६० आणि १४० मिळून ३०० मिलिओहम, गुणिले २ अँपिअर, म्हणजे ०.६ व्होल्टची घट. ४ व्होल्टचे राहिले ३.४. आमच्या मोडेमची खालची मर्यादा नेमकी ३.४ व्होल्ट. त्यात बोर्डावरच्या ट्रॅकमधली घट धरली की मोडेम खाली बसणारच. सिग्नल चांगलं असलेल्या ठिकाणी हेच दुखणं होतं, पण मोडेमला जोर लावावा लागत नव्हता म्हणून ते बाहेर येत नव्हतं.

आणि कपॅसिटर? २ अँपिअर ०.५८ मिलिसेकंद एकट्याने द्यायचे तर ४७० मायक्रोफॅरडचं व्होल्टेज अडीच व्होल्टांनी उतरेल. म्हणजे भार जवळजवळ सगळा हेडरमधूनच जाणार होता. १००० मायक्रोफॅरडने घट थोडीशी कमी केली, म्हणून तक्रारी लांबल्या. जोड आणखी बिघडला की त्या परत आल्या.

मोजून झाल्यावर जोड उघडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पिन पांढरट चंदेरी, म्हणजे टिनचा मुलामा. सॉकेटच्या आतली, पिनला टेकणारी पट्टी पिवळी, म्हणजे सोनं. पिनवर जिथे पट्टी टेकते तिथे केसाएवढी आखूड रेघ आणि तिच्या दोन्ही टोकांना काळसर भुकटी. सोन्याच्या पट्टीवरही टिनचे राखाडी ओरखडे चिकटलेले.

टिन, सोनं आणि थरथर

टिन वाईट नाही. त्याच्यावर ऑक्साइडचा कडक पण पातळ थर कायम असतो. पुरेशा जोराने दाबलं की तो फुटतो आणि खालचा मऊ धातू धातूला भिडतो. म्हणून टिनच्या जोडाला दाब जास्त लागतो, प्रत्येक संपर्काला साधारण १०० ग्रॅमचा. सोन्यावर ऑक्साइड बसतच नाही, त्याला याच्या निम्म्याहून कमी दाब चालतो. सोन्यासाठी बनवलेल्या सॉकेटची पट्टी त्यामुळे हलक्या दाबाची असू शकते. तिच्यात टिनची पिन घातली की टिनला हवा तो दाबच मिळत नाही.

थरथर याच्यावर कडी करते. जोड दहा-वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जरी पुढे-मागे होत राहिला तरी दर हेलकाव्याला थोडं टिन उघडं पडतं, त्याचं ऑक्साइड होतं, ते बाजूला ढकललं जातं, पुन्हा नवं टिन उघडं पडतं. भुकटी साचत जाते आणि पट्टी हळूहळू त्या भुकटीवर चढते. याला फ्रेटिंग म्हणतात. टिन-सोन्याच्या जोडीत आणखी एक पंचाईत होते. मऊ टिन सोन्याला चिकटतं आणि तिथे ऑक्साइड होतं, म्हणजे सोन्याचे पैसे देऊन टिनचे दोष पदरात पडतात. त्यापेक्षा दोन्हीकडे टिन परवडलं असतं.

हलवणारी शक्ती कुठून आली, हे सांगायला नको. पंपाची मोटर शेजारी, वरचा बोर्ड एका कडेला स्क्रूने पक्का आणि दुसऱ्या कडेला फक्त हेडरवर टेकलेला. दरवाजा बिजागरीवर हलावा तसा तो हलत होता, आणि कडी म्हणून आम्ही विजेचा जोड लावला होता.

मग नमुने का चालले? टेबलावर थरथर नव्हती, हे एक. दुसरं कारण शोधायला थोडा वेळ लागला. नमुन्यांना आम्ही आमच्याच ड्रॉवरमधली स्ट्रिप तोडून लावली होती आणि ती सोन्याच्या मुलाम्याची होती. तुकडीच्या खरेदीत टिनची आली. बीओएमच्या ओळीत मुलाम्याचा शब्दच नव्हता, त्यामुळे दोन्ही माल "बरोबर" होते.

पुन्हा निवड

पहिला प्रश्न पिचचा, म्हणजे पिनांमधल्या अंतराचा आला. टीममधल्या एकाचं म्हणणं होतं की नवा बोर्ड करतोच आहोत तर १.२७ मिमी घेऊ, जागा वाचेल. मी विरोध केला. २.५४ च्या हेडरची पिन ०.६४ मिमी चौकोनी असते, १.२७ च्या हेडरची साधारण ०.४ मिमी. जागेवर अंधारात, एका हातात बॅटरी धरून बोर्ड बसवणारा माणूस ती वाकवणार हे ठरलेलं. शिवाय प्रति पिन करंटही कमी मिळतो. २.०० मिमीचा विचार गंभीरपणे केला, पण आम्हाला जागेची अडचणच नव्हती.

बाकी २.५४ हा आकडा ०.१ इंचाचा वारसा. १९६४ मध्ये फेअरचाइल्ड या चिप कंपनीत डिप पॅकेज, म्हणजे दोन्ही बाजूंना पायांची ओळ असलेली आयसी, आलं, त्याच्या पायांमधलं अंतर ०.१ इंच होतं, आणि पुढचं सगळं जग त्या जाळीवर बसलं. बर्ग स्ट्रिप हे नावही बर्ग या कंपनीवरून आलेलं. १९७२ मध्ये ती ड्युपॉन्टने घेतली, म्हणून त्याच पिनांवर चढणाऱ्या तारांना आज सगळे ड्युपॉन्ट वायर म्हणतात. एक इशारा इथेच देतो: २.५० आणि २.५४ एकच समजू नका. चार पिनांत काही कळत नाही, पण वीस पिनांच्या एका ओळीत एकोणीस अंतरांचा फरक साचून ०.७६ मिमी होतो, आणि पिन पुढच्या भोकाच्या कडेवर आदळते.

दुसरा प्रश्न करंटचा, आणि इथे आम्ही जरा जास्त वेळ घालवला. २.५४ च्या जोडावर बहुतेक डेटाशीट प्रति पिन ३ अँपिअर सांगतात. हा आकडा बहुधा एकट्या पिनचा असतो, ठरावीक तापमानवाढ धरून. शेजारच्या पिनाही गरम असतील तर तो खाली येतो, आणि त्याचा आलेख शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो. आमचं २ अँपिअर त्या मर्यादेच्या आत होतं, म्हणूनच एका पिनवर भागवलं गेलं. उष्णतेच्या दृष्टीने ते बरोबरही होतं. अडचण व्होल्टेजच्या घटीची होती, आणि ती ३ अँपिअरच्या आकड्यात दिसत नाही. सहा रिकाम्या पिना शेजारी असताना एका पिनवर मोडेम टांगला, याला दुसरं काय म्हणणार.

सोपा उपाय होता ४ व्होल्टला तीन पिना देणे. तो लिहून झाल्यावर वेगळाच विचार सुचला: ४ व्होल्ट हेडरमधून न्यायचेच कशाला? रेग्युलेटर वरच्या बोर्डावर, मोडेमच्या शेजारी नेला आणि हेडरमधून १२ व्होल्ट पाठवले तर ४ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे ८ वॅटचा तोच फटका १२ व्होल्टवर पाऊण अँपिअरच्या आसपास येतो. जोड बिघडून ०.२ व्होल्ट घटले तरी १२ चे ११.८ होतात, मोडेमला पत्ताही लागत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता, आणि तो कनेक्टरच्या कॅटलॉगमध्ये सापडला नसता.

याची किंमत मी लगेच मोजली. नव्या बोर्डाचा पहिला नमुना घाईत एक रांग सरकवून बसवला आणि १२ व्होल्ट थेट मायक्रोकंट्रोलरच्या पायावर गेले. आवाजही झाला नाही. उघड्या पिन हेडरला दिशा कळत नाही, रांगही कळत नाही. म्हणून ६ क्रमांकाची पिन काढून टाकली आणि सॉकेटचं तेच भोक बुजवलं. आता उलटा किंवा सरकवून बसवायला गेलं की बहुतेक वेळा कुठली तरी पिन बुजलेल्या भोकावर अडते. अंतिम मांडणी: सिग्नलच्या बारा, १२ व्होल्टच्या दोन, ग्राउंडच्या चार, एक काढलेली, एक रिकामी. रिकामी पिन १२ व्होल्टच्या शेजारी ठेवली.

मुलाम्याचा निर्णय तुलनेने सरळ होता. दोन्ही बाजूंना सोनं, पण "सोनेरी" या शब्दावर विसंबायचं नाही. फ्लॅश म्हणून मिळणारा थर ०.१ मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असतो, सच्छिद्र असतो, थरथरीत लवकर झिजतो आणि खालचं निकेल उघडं पडतं. आम्ही जुळणीच्या भागावर ०.७६ मायक्रॉन घेतलं, खाली १.२७ मायक्रॉन निकेल. सोल्डर होणाऱ्या शेपटीवर मात्र टिनच ठेवलं. तिथे सोनं जाड असलं तर ते सोल्डरमध्ये विरघळून सांधा ठिसूळ करू शकतं.

हेडरच्या पिना धरणाऱ्या ठोकळ्याच्या प्लास्टिककडे कुणाचं लक्ष नसतं, आमचंही नव्हतं. जोडणीवाल्यांनी विचारलं, हाताने सोल्डर करण्यापेक्षा हेडरही बाकीच्यांबरोबर ओव्हनमधून काढू का? एक बोर्ड काढून पाहिला. पिना तिरक्या झाल्या, ठोकळा मेणासारखा बसला. तो पीबीटीचा होता, साधारण २२५ अंशांना वितळणारा, आणि शिसेविरहित सोल्डरसाठी ओव्हनचं शिखर २४५ अंशांवर. ओव्हनमधून काढायचं तर पीए६टी किंवा एलसीपी अशा जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा ठोकळा हवा. दिसायला सगळे सारखेच काळे. आम्ही पीए६टी लिहिलं.

भोकाची गोष्ट थोडक्यात. ०.६४ च्या चौकोनी पिनचा कर्ण ०.९ मिमी भरतो. जुन्या ड्रॉइंगमध्ये भोक ०.९५ मिमी होतं, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याची सहनमर्यादा खालच्या बाजूला गेली की पिन शिरतच नाही. काही बोर्डांत हेडर ठोकून बसवल्याच्या खुणा का होत्या, तेही कळलं. १.०२ मिमी केलं.

राहिली उंची. हेडरचा ठोकळा २.५४, सॉकेट ८.५, बेरीज ११.०४ मिमी. आम्ही ११ मिमीचे स्पेसर घेतले, यावेळी चारही कोपऱ्यांत, त्यातले दोन हेडरच्या अगदी जवळ. १० चे लावले असते तर स्क्रू आवळताना बोर्ड कमानीसारखा वाकला असता आणि तो ताण हेडरच्या सोल्डरवर आला असता. १२ चे चालून गेले असते, ६ मिमीच्या पिनमधली पाच आत राहिली असती, पण मला ती फट नको होती.

खात्री

तीन संच पंपाच्या पायथ्याच्या पत्र्यावर बोल्टने बसवले आणि सहा आठवडे चालवले. पहिला जुना जसाच्या तसा: टिनची पिन, सोन्याचं सॉकेट, दोन स्पेसर. त्याची पुरवठ्याची पिन १८ वरून ९५ मिलिओहमवर गेली. दुसऱ्यात जोड तोच जुना, पण स्पेसर चार: १९ वरून २७. तिसऱ्यात दोन्हीकडे जाड सोनं, पण स्पेसर मुद्दाम दोनच: १४ वरून १७.

प्रत्येकी एकच संच आणि सहाच आठवडे, त्यामुळे यावरून कुणी नियम बांधू नये. पण दुसरा आकडा मला टोचला. मुलाम्यावर आम्ही एवढी डोकेफोड केली आणि दोन स्पेसरांनी बहुतेक काम करून टाकलं होतं. नव्या बोर्डात दोन्ही गोष्टी ठेवल्या. पण उद्या कुणी म्हणालं की एकच परवडेल, तर मी स्पेसर मागेन.

जागेवरच्या जुन्या संचांचं काय करायचं यावर वाद झाला. हेडर बदलायचा तर वीस पिना बोर्डातून काढायच्या, त्यात भोकांचा तांब्याचा मुलामा उपटून येतो. ते सोडून दिलं. हेडरच्या कडेला दोन स्पेसर वाढवले आणि ४ व्होल्ट व ग्राउंडसाठी दोन जाड तारा एका बोर्डावरून दुसऱ्यावर सरळ सोल्डर केल्या. दिसायला गबाळं आहे, आणि आता वरचा बोर्ड सहज काढताही येत नाही. तंत्रज्ञ म्हणाला, "बरंच झालं सर, आता काढायला कुणी सांगणारच नाही."

बीओएमची ओळ आता अशी आहे: "पिन हेडर, २×१०, २.५४ मिमी, सरळ, थ्रू-होल; पिन ०.६४ मिमी चौकोनी. ठोकळा पीए६टी, उंची २.५४ मिमी, जुळणीची लांबी ६ मिमी, शेपटी ३ मिमी, जुळणीवर सोनं ०.७६ मायक्रॉन, निकेल १.२७ मायक्रॉनवर, शेपटीवर मॅट टिन, पिन क्र. ६ काढलेली, जोडीचं सॉकेट खालच्या ओळीत, दोन्हींचा मुलामा एकच, न विचारता पर्याय नको." खरेदीवाल्यांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला, की ही ओळ त्यांच्या सिस्टिमच्या रकान्यात मावत नाही. त्यासाठी वेगळं ड्रॉइंग काढून त्याला क्रमांक दिला.

ड्रॉवरमधल्या सुट्या स्ट्रिप मात्र फेकवल्या नाहीत. त्यातल्या कुठल्या सोन्याच्या, कुठल्या फ्लॅशच्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं आहे: फक्त टेबलावर.